संशयी माणूस पाहिजे

गेणूनाना गिरणीवाले कुणाच्या घरी चहाला बसले, तर आधी घरधन्याने घोट घेतलेला बघायचे आणि मगच बशी तोंडाला लावायचे. विष घालील असा वैरी त्यांना साऱ्या वाडीत नव्हता, पण स्वभावच तसा. वीज मंडळाचा माणूस मीटर वाचायला आला की हे त्याच्या खांद्यावरून आकडा बघणार. दुकानातून काडेपेटी आणली तर कानाशी हलवून बघणार. मुलगा चाकणला कंपनीत होता. त्याने दिवाळीला बापासाठी सदरा आणला, तर नानांनी आधी विचारलं, "काय पायजे तुला?" मुलगा सदरा खाटेवर ठेवून निघून गेला.

मी त्या वाडीतली अंगणवाडीची बाई. मला माणसं चटकन आवडत नाहीत, हा माझा दोष समजा, आणि नाना तर मला मुळीच आवडत नव्हते. गावाचंही त्यांच्यावर काही प्रेम नव्हतं. गिरणीवाला दळणातलं पीठ काढून ठेवतो, हा सगळ्यांचा पक्का समज. दळण घेताना बाया डबा हातात तोलून बघायच्या आणि नाक मुरडायच्या. नानांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दारातच तराजू टांगला होता. धान्य आलं की तोलायचं, पीठ झालं की पुन्हा तोलायचं, आणि दगडात जे राहिलं ते बाईला वाकून बघायला लावायचं. बायको वारल्यापासून ते गिरणीतच खाट टाकून राहत. नाना गावावर संशय घेत आणि गाव नानांवर, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

मग २००७ साली तालुक्यावरून एक साहेब आले. गावाने आपल्या आरोग्याचा आराखडा आपणच करायचा, असं म्हणाले. पिंपळवंडीच्या सरकारी दवाखान्यापासून आमची वाडी फार लांब नाही, पण आरोग्याचं म्हणावं तर आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या सिस्टर आणि माझ्या अंगणवाडीतला वजनकाटा, एवढंच होतं. भैरवनाथाच्या सभामंडपात बैठक बसली. आराखडा हा शब्द ऐकूनच म्हातारी माणसं सावध झाली. वरच्या अंगाला धरण झालं तेव्हाही आधी आराखडाच आला होता. सरपंच गोरखभाऊ म्हणाले की ह्यात कुणाची जमीन जाणार नाही. ते ऐकल्यावर तर दोन म्हातारे उठूनच गेले.

टाकी कधी धुवायची, पाण्यात पावडर कुणी टाकायची, सिस्टरांनी कुठल्या वारी यायचं, हे सगळं रडतखडत ठरलं. शेवटी सिस्टरांनी टीबीच्या औषधाचा विषय काढला. प्रत्येक पेशंटच्या नावाचा एक खोका येतो. तो गावातच कुणाकडे तरी ठेवायचा. पेशंटने आठवड्यातून तीनदा तिथे जायचं आणि त्या माणसासमोर गोळ्या गिळायच्या. घरच्या माणसाकडे खोका द्यायचा नाही, असा तेव्हा नियम होता. आजवर खोके माझ्याकडे, अंगणवाडीत असायचे. पण अंगणवाडीत पोरं सोडायला सगळ्या बाया येतात, आणि पोर सोडूनही कुणी आत रेंगाळलं की त्याला काय झालंय हे दुपारपर्यंत वाडीभर होतं. तेव्हा सिस्टर म्हणाल्या की गिरणीत ठेवू. गिरणीत सगळेच जातात, कोण कशाला गेलं हे कोण विचारतंय? सभामंडपात हशा पिकला. गेणूकडे औषध ठेवलं तर त्यातलंही काढील, असं कुणीतरी मागून म्हणालं.

बैठक उठल्यावर मी सिस्टरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "हा माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही."

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. "गोळी गिळली म्हणून सांगतात आणि बाहेर जाऊन थुंकतात. मला संशयी माणूस पाहिजे."

त्यांचं खरं होतं, पण माझ्या जिवाला घोर लागला. कारण त्या वेळी वाडीत एकच खोका लागणार होता, आणि तो कुणाच्या नावाचा हे सिस्टरांना आणि मला ठाऊक होतं.

वृषाली म्हणजे नानांची चुलतसून. मढची मुलगी, इथल्या भरतला दिलेली. पदरात संस्कृती नावाची चिमुरडी, ती माझ्याच अंगणवाडीत यायची. आदल्या वर्षी वृषालीला टीबी निघाला. माझ्याकडे गोळ्या घ्यायला येऊ लागली आणि बोभाटा झाला. तिची सासू साळुबाई म्हणजे जहांबाज बाई. रोग माहेराहून आणला म्हणाली, ताट वेगळं केलं, पोरीला तिच्या अंथरुणातून उचलून आपल्याकडे घेतली, आणि बरी झालीस तर राहा, नाहीतर मढची वाट धर म्हणून बजावलं. भरत आईपुढे मान खाली घालून बसला. तेव्हा वृषालीने एक दिवस घरात सांगून टाकलं की मी बरी झाले, आणि गोळ्या बंद केल्या. सहा महिन्यांत खोकला परत आला, तो तिने घरात कळू दिला नाही. ह्या खेपेचं औषध जास्त जबर आणि जास्त लांबलचक. सुरुवातीची इंजेक्शनं तिने भावजयीच्या बाळंतपणाचं निमित्त काढून माहेरी राहून घेतली. पण उरलेल्या गोळ्या इथेच घ्यायच्या होत्या आणि घरी नेता येत नव्हत्या, कारण सासू उशीखाली सुद्धा धुंडाळायची. हेही अर्धवट सोडलं तर पुढे साधं औषध लागू पडणार नाही, असं सिस्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. आणि घरात कळलं तर संस्कृती इथे आणि ती मढला, हे सांगायची गरजच नव्हती.

आणि हे सगळं जाणार कुणाच्या हाती, तर गेणूनानांच्या. साळुबाईच्या नवऱ्याचं आणि नानांचं बांधावरून हाडवैर होतं. मोजणी झाली, कचेरीच्या फेऱ्या झाल्या, साळुबाईचा नवरा त्या फेऱ्या मारतामारताच गेला, तरी वैर गेलं नाही. दोन्ही घरांत हळदीकुंकवाचंही येणंजाणं नव्हतं. अशा माणसाच्या हाती त्या घराची एवढी मोठी गोष्ट द्यायची, म्हणजे त्याला आयतं हत्यार दिल्यासारखंच होतं.

सिस्टर आणि मी खोका घेऊन गिरणीत गेलो. नानांनी तो उलटासुलटा केला, गोळ्यांचा वास घेतला, तारीख वाचली, सरकारचा ह्यात काय फायदा म्हणून विचारलं. मग झाकणावरचं नाव वाचलं. खाली ठेवला. गिरणीचा पट्टा पुसायला लागले.

"ती यायची न्हाई," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "ती आली तर तुम्ही कुणाला बोलणार नाही, हे आधी भैरवनाथाच्या नावाने सांगा."

"देवाला कशाला मधी घेता? तुमचा इस्वास न्हाई ना माझ्यावर? मग नका ठेवू." पण खोका त्यांनी उचलून कोंड्याच्या पोत्यामागे ठेवला होता.

ती आली. हातात बाजरीची लहान बरणी, पदर कपाळाच्या खाली. आमच्याकडे सून चुलतसासऱ्यापुढे तोंड उघडत नाही, बोलायचं झालं तर तिसऱ्याला सांगते. इथे तर खरोखरीच तोंड उघडायचं होतं. तिने पाठ फिरवून गोळ्या घेतल्या आणि निघाली. नाना दारात आडवे आले. मी तिथेच होते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. ते म्हणाले, "आ कर." ती हबकली. ते पुन्हा म्हणाले, "जीभ वर कर. गालात असंल." तिने पदर मागे केला आणि रडतरडत तोंड उघडलं. नानांनी बॅटरीचा उजेड टाकून बघितलं आणि मग बाजूला झाले. मला इतका संताप आला की म्हटलं, आता हा खोका उचलावा आणि चालू लागावं. पण सिस्टरांचं बोलणं आठवलं आणि गप्प बसले.

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळतच ठेवली. मूठभर धान्य घेऊन सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी गिरणीत हजर. एकदा नानांनी तराजूतलं धान्य बघून विचारलं, "बाई, तुमच्या घरी चिमण्या जेवत्यात का?" मी म्हटलं, माझं मी बघीन. पावसाळा सरला, कांद्याची रोपं टाकायचे दिवस आले, तरी नानांच्या तोंडून अवाक्षर बाहेर पडलं नाही. वृषालीचा खोकला उतरला. गालावर जरा रया आली. तरी मला वाटायचं, हा माणूस योग्य वेळेची वाट बघतोय. बांधाची पुढची तारीख लागली की काढील बाहेर.

आमच्या आराखड्यात एक चूक मात्र राहिली होती, ती आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. गिरणीला वीज लागते. त्या वर्षी भारनियमन असं होतं की दिवसातले कितीतरी तास गिरणी मुकी असायची. बाया डबे रांगेला लावून घरी जात आणि घरघर ऐकू आली की परत येत. वृषालीला मात्र ठरल्या वेळी निसटावं लागे, सासू शेतावर असताना. मग व्हायचं असं की गिरणी बंद, आत काळोख, बाहेर डब्यांची रांग, आणि ही बरणी घेऊन आत गेली, ती पीठ न घेताच बाहेर आली. आत कोण, तर एकटा राहणारा गेणू.

एवढं पुरे झालं. आधी पाणवठ्यावर कुजबूज, मग पारावर. नानांचं दळण कमी झालं. पिठाचा संशय होता तोवर लोक येत होते, ह्या संशयाने मात्र बाया बंद झाल्या. मला कुणी विचारलं की मी तोडून टाकायची, पण काय सांगणार? खरं सांगितलं तर वृषाली घराबाहेर, आणि नाही सांगितलं तरी घराबाहेरच.

शेवटी साळुबाई गिरणीवर आली. नेमकी वीज आली होती आणि चारपाच बाया दळणाला थांबल्या होत्या. मी होतेच. सुनेला तिने दंडाला धरून ओढत आणली होती, मागून भरत. साळुबाईने जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वृषालीचा चेहरा पिठासारखा झाला होता. नानांनी खटका ओढून गिरणी बंद केली आणि ऐकत उभे राहिले. एका वाक्याचं काम होतं. तुझ्या सुनेला टीबी आहे, ती माझ्याकडे गोळ्या घेते. नाना त्याच क्षणी निर्दोष झाले असते आणि वैऱ्याच्या घराचं वाटोळंही झालं असतं.

साळुबाई दम घ्यायला थांबली तेव्हा नाना म्हणाले, "वहिनी, तुमची सून माझ्याकडं बांधाचं बोलायला येती."

कुणाला काही कळेना. मलाही नाही.

"म्हणती, मामंजी, भांडण मिटवा. तुमी घरात बोलू देणार न्हाई म्हून गुपचूप येती. म्या न्हाई म्हनत व्हतो, पर लई चिवट हाय पोरगी." मग भरतकडे वळून म्हणाले, "आंब्याकडची पट्टी सोडायचा इचार चाललाय माझा. अजून ठरलं न्हाई. तिच्याशीच बोलीन, तुमच्याशी न्हाई. आन् सोमवार, बुधवार, शुक्रवारशिवाय बोलणार न्हाई."

साळुबाईचा हात वृषालीच्या दंडावरून आपोआप सुटला. ज्या पट्टीपायी नवरा कचेरीच्या पायऱ्या झिजवत गेला, ती पट्टी सून बोलून बोलून काढत होती. तिने वृषालीकडे असं बघितलं, की जणू ही पोर तिने त्याच दिवशी पहिल्यांदा बघितली. वृषालीने मान खाली घातली. ते खरं वाटायला तेवढंच पुरलं.

पुढचे महिने मी जन्मात विसरणार नाही. साळुबाई स्वतः सुनेला गिरणीवर पाठवू लागली. वीज असो नसो, वारच्या वारी. जा, आज आंब्याचं विचार. जा, विहिरीच्या पाळीचं विचार. वृषाली जायची, गोळ्या गिळायची, जीभ वर करून दाखवायची, आणि नाना तिला घरी सांगायला एक नवी अडचण द्यायचे. आज म्हणे आंबा माझ्याकडे राहील. पुढच्या वारी, आंबा घ्या, पण पाट माझ्याकडून जाईल. खोक्यात जोवर गोळ्या, तोवर नानांकडे अडचणी. साळुबाई घरी बसून एकेक अडचणीवर उत्तर शोधायची आणि सुनेला पढवायची. पोरगी बोलून बोलून थकत असेल म्हणून तिला दूध द्यायला लागली. बघता बघता ताटही एक झालं.

गाव मात्र चक्रावलं होतं. गेणू आणि पट्टी सोडणार? आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस जीव देईल पण बांधावरचा नांगराचा तास देणार नाही. लोकांनी तर्क लढवले. त्या पट्टीतून रस्ता जाणार असेल. खाली खडक लागला असेल. तलाठ्याला हाताशी धरून दुसरीकडे जास्त लाटली असेल. मीही तर्क लढवत होते. मला वाटत होतं, औषध संपलं की नाना हात वर करतील, बोलणी फिसकटली म्हणतील, आणि पट्टी जिथल्या तिथे राहील. तसं झालं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

उन्हाळ्याच्या तोंडाला खोका रिकामा झाला. तपासणी झाली. सिस्टर स्वतः सांगत आल्या की वृषाली बरी झाली, ह्या वेळी खरोखरीची. मी गिरणीत जाऊन नानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कागद बघितला का डोळ्यांनी? मी म्हटलं, बघितला. तरी त्यांनी सिस्टरांकडून तो मागवून घेतला आणि स्वतः वाचला. दुसऱ्या दिवशी गोरखभाऊंना आणि भरतला घेऊन ते शेतात गेले आणि आंब्याकडची सबंध पट्टी सोडून बांधाचे दगड आपल्या शेताच्या अंगाला सरकवून दिले. पट्टी काही फार मोठी नव्हती, पण दोन वाफे कांदा सहज निघेल एवढी होती. आंबाही तिच्यातच गेला. नाना दगड लावताना असे बघत होते, की भरत वीतभर जास्त तर घेत नाही ना.

मी त्यांना विचारलंच. म्हटलं, नाना, आता तर औषध संपलं होतं. बोलणी मोडली असं सांगितलं असतं तर कुणी काय केलं असतं?

"मग वहिनी म्हनली असती, बोलणी न्हवतीच. परत तेच निघालं असतं, ती आत कशाला जात व्हती." त्यांनी पट्ट्याला हात लावला. "खोटं बोललो ना म्या, बाई. त्याला दाम पडणारच."

मला तिथे रडू आलं. नानांनी ते बघितलं आणि संशयाने विचारलं, काय झालं, घरी काही कमीजास्त आहे का.

पाऊस पडायच्या आधी एका सकाळी नाना माझ्या अंगणवाडीच्या दारात उभे. कधी न येणारा माणूस. मुलांना गाणी म्हणायला लावून मी बाहेर आले. ते हळू आवाजात म्हणाले की रात्रीतून बांधाचे दगड जुन्या जागी आलेत. पट्टी परत त्यांच्याकडे. आंबासुद्धा. भरतचंच काम, पण असं कुणी करतं का? कुणी बांध सरकवतो तो पुढे सरकवतो, मागे कोण सरकवील? ह्यात काय डाव असेल?

मला डाव माहीत होता. वृषालीने आदल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं की तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. टीबी, गोळ्या, गिरणी, सगळं. भरत रात्रभर बसून राहिला होता. आईपुढे त्याचं तोंड तेव्हाही उघडलं नसतं, पण दगड उचलता येत होते. मी नानांना म्हटलं, "डाव नाही नाना. त्याला कळलंय. तो तुमचं तुम्हाला देतोय."

नानांनी बांधाच्या दिशेला बघितलं. मग म्हणाले, "येडा हाय." आणि वळले.

मी मुलांना मदतनीस बाईवर सोडून त्यांच्या मागे गेले. ते गिरणीकडे न जाता शेताकडे निघाले होते. बांधावर जाऊन त्यांनी इकडेतिकडे बघितलं, सदरा काढला आणि पहिला दगड उचलून परत आपल्या शेतात आणून ठेवला. साठीचा माणूस, दम लागत होता. मी म्हटलं, आता कशाला? तो राजीखुशीने देतोय ना?

"दगड मागं गेलं की वहिनी इचारणार, का गेलं," नाना म्हणाले. "मग पोरगी काय सांगंल?"

दुसरा दगड मी उचलू लागले. त्यांनी अडवलं नाही, फक्त मी कुठे ठेवते ते बघत राहिले.

साळुबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दरसाल ती त्या पट्टीत कांदा लावायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची की नवऱ्याला आणि वकिलाला जमलं नाही ते माझ्या सुनेने केलं, त्या कंजूष गेणूच्या घशातून ही जमीन काढली. तिचा आवाज गिरणीपर्यंत जायचा. नाना ऐकायचे आणि खटका ओढून गिरणी चालू करायचे.